गरम तळहात

मी बसमधला दांडा बोलतोय. मागच्या दाराजवळ जमिनीपासून छतापर्यंत जो पिवळा उभा दांडा असतो ना, ज्याला तुम्ही चढताना पकडता, ब्रेक लागला की मिठी मारता आणि उतरलात की विसरून जाता, तोच मी. गेली अकरा वर्षं एकाच जागी उभा आहे. दिवसाला हजारभर हात माझ्यावर पडतात, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या एकाही हातावर माझा विश्वास नाही.

असं तोंडावर म्हटलं की लोकांना राग येतो. पण तुमचा तरी माझ्यावर कुठे आहे? कुणी मला दोन बोटांच्या चिमटीत धरतं, कुणी बाहीचं टोक ओढून मग धरतं. एक बाई तर मला कोपराने विळखा घालतात, जणू मी त्यांचा जत्रेत हरवलेला भाऊ. मी मनावर घेत नाही. संशय दोन्ही बाजूंनी असला की निदान बरोबरी होते.

जन्माने मी कुणी मोठा नाही. नळ्यांच्या कारखान्यात एका लांब नळीचे पाच तुकडे केले, त्यातला मी तिसरा. एक भाऊ जिन्याच्या कठड्याला गेला, दोघे शाळेच्या फाटकाला, एक दवाखान्यातल्या खाटेला. मला बस बांधणाऱ्यांच्या शेडमध्ये आणलं. तिथल्या वेल्डरने मला वर-खाली पक्कं केलं, दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "हत्ती लोंबकळला तरी हलायचा नाही."

त्याचा जोडीदार म्हणाला, "हत्तीचं काय घेऊन बसलास? हत्ती शिंकून दांड्याला हात पुसत नाही."

तेव्हा मला तो विनोद कळला नाही. पहिल्याच महिन्यात कळला.

एक गृहस्थ चढले. उजव्या हातात शिंकले. इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही अशी खात्री करून घेतली आणि तोच हात माझ्यावर ठेवला. वर शेजारच्या माणसाकडे असं रोखून पाहिलं, जणू शिंक त्यानेच दिली. त्या दिवशी माझा भोळेपणा गेला तो गेलाच.

तेव्हापासून मी हात ओळखायला शिकलो. मी पोलादाचा, थंड असणं हा माझा स्वभाव, त्यामुळे ऊब मला लगेच कळते. उन्हातून आलेल्या हाताची ऊब वरवरची, दोन थांब्यांत उतरते. धावत येऊन बस पकडणाऱ्याची ऊब घामाबरोबर निघून जाते. तापाची ऊब मात्र आतून येते. ती चिवट असते, आणि बस कितीही वाऱ्यातून जावो, हटत नाही. माणूस तोंडाने काहीही सांगो, तळहाताला खोटं बोलता येत नाही.

आजारी माणसं बसमध्ये कशी वागतात हे मला विचारा. काही जण खोकला गिळतात, मग डोळ्यांत पाणी येतं आणि ते खिडकीबाहेर बघत, कुणाची तरी आठवण आल्यासारखा चेहरा करतात. काही जण कुणी विचारायच्या आतच "धुळीचा त्रास आहे हो," म्हणून मोकळे होतात. मी अशांना लगेच यादीत टाकतो. खिडकीच्या वर एक पाटी लावली होती, 'खोकताना तोंडावर रुमाल धरा'. कुणीतरी नखाने त्यातला 'रुमाल' खरवडून काढला. आता तिथे 'खोकताना तोंडावर धरा' एवढंच उरलंय. काय धरायचं ते ज्याचं त्याने ठरवावं!

मला सांगायची आहे ती गोष्ट आठ-दहाच्या फेरीची. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी सुटणारी ही फेरी, आणि तिचे प्रवासी रोजचे, ठरलेले.

चौथ्या थांब्यावर एक सुतार चढायचा. पन्नाशीचा, अंगाने किरकोळ, डाव्या हाताच्या एका बोटाचं टोक नसलेला. त्याला सगळे पाठीमागे 'खोकलेबुवा' म्हणत. त्याचा खोकला म्हणजे रिकाम्या पिंपात दगड गडगडावेत तसा. तो सुरू झाला की पुढच्या दाराशी बसलेले लोकही मागे वळून बघत. त्याचा हात मात्र माझ्यावर पडला की कायम थंड, खडबडीत आणि कोरडा. एवढा खोकला आणि हात थंड? मनात पाल चुकचुकली. मला वाटलं, हा कुठला तरी नवाच रोग असणार, तापाशिवायचा.

दुसरे इस्त्रीसाहेब. हे नाव त्यांना कंडक्टरबाईंनी दिलेलं. त्यांच्या बाहीची घडी इतकी धारदार, की शेजारी बसणारा जरा सांभाळूनच बसे. कुठल्याशा कार्यालयात वरच्या जागेवर होते. नाकाने कांदे सोलायची सवय. कुणी शिंकलं की हे मोठ्याने म्हणायचे, "लोकांना शिस्त म्हणून नाही!" बसमध्ये कसं वागावं यावर त्यांचं भाषण आठवड्यातून दोनदा तरी व्हायचंच.

थंडी सुरू झाली तशी पहिल्या थांब्यावरून दोन नवी माणसं चढायला लागली. बाप आणि लेक. लेक पस्तिशीची, खांद्याला मोठी पिशवी. बापाला ती 'नाना' म्हणायची. नाना हाडांचा सापळा झाले होते, डोक्यावर लोकरी टोपी, तोंडावर मास्क. मला लागून एक एकटी बैठक आहे, त्यावर ती त्यांना बसवायची. पण त्याआधी ती पिशवीतून ओलं फडकं काढायची आणि मला पुसायची. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत, नानांचा हात जिथे जिथे पोहोचेल तेवढा भाग, तीन-तीन वेळा. फडक्याला दवाखान्याचा उग्र वास.

मला राग आला. अकरा वर्षांत मला डेपोतल्या झाडूवाल्याशिवाय कुणी पुसलं नव्हतं, आणि त्यालाही मी कंटाळवाणा वाटायचो. ही कोण लागून गेली? आणि एवढं पुसते म्हणजे हिलाच काहीतरी लपवायचं असणार. खाई त्याला खवखवे.

चार दिवसांनी कंडक्टरबाईंनीच विचारलं. या बाई वयाने पन्नाशीच्या पुढच्या, आवाज खणखणीत, पण नानांशी बोलताना तो आपोआप खाली यायचा.

"रोज कुठे नेता वडिलांना?"

"मोठ्या दवाखान्यात. किरणांचे उपचार चाललेत. पस्तीस दिवस, शनिवार-रविवार सोडून. एकही खाडा चालणार नाही म्हणालेत डॉक्टर."

"मग एवढ्या गर्दीतून?"

"पाठीचं दुखणं आहे. छोट्या गाडीत वाकून बसताच येत नाही त्यांना. इथे ताठ बसता येतं." मग तिने आवाज आणखी हळू केला. "अंगात ताकद उरलेली नाही बाई. साधी सर्दी झाली तरी महाग पडेल, असं बजावलंय."

मागून नाना म्हणाले, "मला ऐकू येतं. मी आजारी आहे, बहिरा नाही."

नाना घड्याळजी होते. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेली. त्यांचा हात माझ्यावर पडायचा तो पाखराच्या पायासारखा, हलका आणि गार. तो हात ओळखीचा झाल्यावर पुसण्याबद्दलचा माझा राग गेला. तरी ती लेक स्वतः जिथे धरायची, नानांच्या शेजारी उभी राहून, डोक्याच्या उंचीवर, तो भाग ती कधीच पुसत नसे. हे माझ्या लक्षात आलं होतं. दांड्याला सांगता येत नाही, एवढंच.

महिना सरता सरता तापाची साथ आली. बसमध्ये रोज दोन-तीन जागा रिकाम्या दिसायला लागल्या. उरलेले एकमेकांकडे असे बघत, जणू बस नसून पंचांसमोरची चौकशी आहे. कुणी घसा खाकरला तरी दहा माना वळायच्या. सगळ्यांत जास्त वळायची ती त्या लेकीची. तिची नजर एकाच माणसावर असायची. खोकलेबुवांवर.

नानांच्या उपचाराचा तो अठरावा दिवस. मंगळवार होता. सुतार चढला, नेहमीप्रमाणे मागच्या पायरीजवळ तोंड दाराकडे करून उभा राहिला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. कोपरात तोंड खुपसून तो वाकला. थांबेचना. एक थांबा गेला, तरी चालूच.

लेक कंडक्टरबाईंना हळूच म्हणाली, "त्यांना उतरवा ना. माझ्या वडिलांना चालणार नाही हो."

तिचा आवाज हळू होता, पण इस्त्रीसाहेबांचा नव्हता. ते उठूनच उभे राहिले. "बरोबर बोलतायत त्या! महिनोन् महिने बघतोय मी. आम्ही काय रोग घरी न्यायला बसलोय? उतरवा यांना!"

मग काय, बस सुरू झाली. म्हणजे चाकांवरची होतीच, तोंडातली सुरू झाली. "उतरा, उतरा!" "घरी लहान मुलं आहेत आमची!" "लाज वाटली पाहिजे!"

सुतार धापा टाकत वळला. "रोग नाही हो हा. भुसा आहे. लाकडाचा भुसा."

"सगळे असंच सांगतात!" साहेब म्हणाले.

कंडक्टरबाई मध्ये पडल्या. "अहो, तिकीट काढलंय त्यांनी. मी कशी उतरवू?"

सुताराने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. नानांकडे जरा जास्त वेळ. मग तो बाईंना म्हणाला, "असू द्या बाई. माझ्यापायी तुमच्या डोक्याला ताप नको." त्याने स्वतःच घंटीची दोरी ओढली आणि दोन थांब्यांच्या मधेच, जिथे साधा आडोसाही नाही अशा रस्त्यावर, तो उतरला. उतरताना त्याचा हात माझ्यावर होता. थंडगार.

त्याच वेळी माझ्यावर दुसराही एक हात होता. इस्त्रीसाहेब तावातावाने उठले होते ना, तेव्हा तोल सांभाळायला त्यांनी मला डोक्याच्या उंचीवर पकडलं होतं. आणि तो तळहात... काय सांगू! निखारा. जिभेखाली वेलदोड्याची गोळी, डोळे लालसर, बाहीची घडी जशीच्या तशी, आणि आत एकशे दोन-तीन ताप. त्याच हाताने त्यांनी थोड्या वेळापूर्वी नाक पुसलं होतं, रुमाल न काढता. एरवी सगळ्यांना शिकवणारा माणूस!

मी ओरडलो असतो. पण मला तोंड नाही. साहेब आपल्या थांब्यावर उतरले. बस धक्का देऊन निघाली आणि त्या लेकीने तोल सावरायला हात वर नेला. नेमका तिथेच.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. जन्मभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला, पण ताप त्या तळहातावरून या तळहातावर पोहोचवणारा मीच नव्हतो कशावरून?

पुढचे दोन दिवस सुतार दिसला नाही. साहेबही दिसले नाहीत. लोक म्हणाले, "बघा, खोकलेबुवांनी त्यांना आजारी पाडलं."

शुक्रवारी बाप-लेक चढले. तिने मला पुसलं, नानांना बसवलं आणि वर हात ठेवला. गरम! ऊन म्हणावं तर आभाळ भरून आलेलं. धावत आली म्हणावं तर नानांबरोबर कोण धावतं? ती नेहमीसारखी त्यांच्याजवळ उभी राहिली नाही. एक पाऊल मागे, तोंड फिरवून, मास्कवरून ओढणी गुंडाळून.

"लांब का उभी आहेस?" नानांनी विचारलं.

"इथे वारा येतो, नाना."

"वाऱ्याने थरथरतेयस, आणि म्हणे वारा येतो."

मला तिचा सगळा विचार तळहातातून कळत होता. पकड घट्ट व्हायची, सैल व्हायची. सांगावं की सांगू नये? सहाच तर थांबे. गोळी घेतली आहे, कुणाला कळणार? आजवर किती जणांनी याच जागी उभं राहून असंच ठरवलेलं मी अनुभवलंय. तीही गप्प राहील, अशी मला खात्रीच होती.

तिसरा थांबा गेला. तिने माझ्यावरचा हात काढला आणि मोठ्याने म्हणाली, "ऐका जरा. मला ताप आहे."

बस एका दमात अर्धी मागे, अर्धी पुढे सरकली.

"रात्री नव्हता," ती म्हणाली. "सकाळी अंग जड होतं, वाटलं थकवा असेल. आता खात्री आहे. मी पुढच्या थांब्यावर उतरते. पण यांचा आजचा उपचार चुकला तर... कुणी यांना दवाखान्यात आतपर्यंत पोहोचवाल का? फाइल देते. तिथल्या सिस्टर ओळखतात यांना. एक तासाचं काम आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग घरीच बसायचं ना!"

"बसले असते. यांना कोण आणणार होतं? भाऊ परगावी आहे, तो यायला दोन दिवस लागतील."

ज्याने त्याने खिशातला मोबाइल काढला. एकाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, एकाने नाक खिडकीला लावलं. माझ्यावर सात हात होते, ते एकेक करून सुटले. मंगळवारी 'उतरा' म्हणायला सगळी बस पुढे होती.

"मीच नेलं असतं ग," कंडक्टरबाई म्हणाल्या, "पण गाडी कुणावर सोडू?"

आणि चौथा थांबा आला. दार उघडलं. खाली सुतार उभा होता. गळ्यातलं उपरणं तोंडाला घट्ट बांधलेलं. तो आत न येता पायरीवरूनच बाईंना म्हणाला, "चालेल का? दोन दिवस चालत गेलो, कामावर पोचायला उशीर होतोय."

बाईंनी त्याला काय झालंय ते दोन वाक्यांत सांगितलं. त्याने नानांकडे पाहिलं. "मी नेतो त्यांना," म्हणाला.

लेकीने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण माझ्याही मनात तेच होतं. हा? हा खोकणारा?

सुताराने आत येऊन सदऱ्याच्या खिशातून घडी घालून घालून मऊ झालेला एक कागद काढला. तो त्याने तिच्या हातात दिला नाही. रिकाम्या बैठकीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला. ती पुढे झाली, वाकून वाचायला लागली.

"छातीचा फोटो काढलाय, थुंकी तपासलीय," तो म्हणाला. "संसर्ग नाही, असं लिहिलंय खाली. तीन महिने खिशात घेऊन फिरतोय."

"मग त्या दिवशी दाखवला का नाहीत?"

"कुणी विचारलं का? 'उतरा' म्हणाले. विचारलं असतं तर दाखवला असता."

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. गाडी थांबलेली होती, पण त्याने हॉर्न वाजवला नाही.

लेकीने फाइल त्याच कागदाशेजारी ठेवली. नानांना म्हणाली, "नाना, हे तुम्हाला नेतील. मी घरी जाते."

"मी काय पार्सल आहे का, कुणाच्याही हाती द्यायला?" नाना म्हणाले. पण त्यांची हनुवटी हलत होती. ती त्यांच्याजवळ गेली नाही. लांबूनच हात जोडल्यासारखं केलं, ते नानांना होतं की सुताराला, मला कळलं नाही, आणि ती उतरली.

सुतार नानांच्या समोर बसला नाही. मधे दोन बैठका सोडून, खिडकी सताड उघडून बसला. दोन थांबे गेले. मग त्याला उबळ आली. त्याने तोंड खिडकीबाहेर काढलं. नानांनी मान कलती करून, डोळे मिटून तो खोकला ऐकला.

"घशातला नाही," ते म्हणाले. "खालून येतोय. आत धूळ बसलीय."

"तुम्ही डॉक्टर का?"

"घड्याळजी. धूळ बसलेलं घड्याळ बंद पडतं. तुम्ही तर टोले देताय."

सुतार हसला आणि हसता हसता पुन्हा खोकला. आजूबाजूचे दोघे-तिघे सरकले. नाना सरकले नाहीत.

मी मात्र निर्धास्त नव्हतो. शनिवार-रविवार बस दुसऱ्या मार्गावर होती आणि दोन्ही दिवस मला एकच घोर. ती गुरुवारपर्यंत नानांच्या जवळच तर होती. ताप तिथवर पोहोचला नसेल कशावरून? आणि पोहोचला असेल, तर तो माझ्यावरूनच पोहोचला.

सोमवारी पहिल्या थांब्यावर दार उघडलं. सुतार उलट दिशेने येऊन तिथे उभा होता, नानांचा दंड धरून. आणि त्यांच्या मागे, मोजून दहा पावलांवर, रस्त्याच्या कडेला ती उभी. तोंड बांधलेलं, अंगावर शाल, डोळे खोल गेलेले. घरापासून थांब्यापर्यंत ती अशीच मागून आली होती, दहा पावलांचं अंतर ठेवून. नाना चढेपर्यंत ती हलली नाही.

सुताराने खिशातून ओलं फडकं काढलं आणि मला पुसलं. वरपासून खालपर्यंत, सबंध. मग नानांनी हात ठेवला. मी श्वास घेत असतो तर रोखून धरला असता. हात गार होता. पाखराच्या पायासारखा. तरी मी गुरुवारपर्यंत त्या हातावर विश्वास ठेवला नाही. गुरुवारीही तो गारच निघाला.

तो आठवडाभर सुताराने त्यांना नेलं आणि आणलं. सकाळचं राहिलेलं काम तो म्हणे जेवणाच्या सुट्टीत उरकायचा. नाना त्याला घड्याळांच्या गोष्टी सांगायचे, तो नानांना लाकडांच्या. मधल्या दोन बैठकांचं अंतर मात्र त्याने कधी कमी केलं नाही. "कागदावर संसर्ग नाही असं लिहिलंय," तो म्हणायचा, "पण कागद लिहिणाराही माणूसच, नाना."

हा माणूस मला आवडायला लागला. संशय घ्यावा तर असा, स्वतःपासून सुरुवात करून.

पुढच्या सोमवारी लेक बरी होऊन परत आली. त्याच दिवशी इस्त्रीसाहेबही उगवले. गाल बसलेले, शर्ट चुरगळलेला. ते आपल्या जागेवर बसले नाहीत. माझ्यापाशी येऊन उभे राहिले, पण मला धरलं नाही. बस वळली तेव्हा चांगलेच हेलकावले, तरी नाही.

"ऐका," ते सुताराला म्हणाले. "त्या मंगळवारी... ताप मला होता."

लेकीने झटकन मान वर केली.

"कार्यालयात तपासणी होती. मीच हाताखालच्यांना रजा नाकारली होती, मग मी कुठल्या तोंडाने मागणार? वाटलं, कुणाला कळणार नाही."

सुतार शांतपणे म्हणाला, "मला कळलं होतं. डोळ्यांत पाणी होतं तुमच्या. पण खोकल्याला आवाज असतो साहेब, तापाला नसतो. लोकांनी आवाजाला उतरवलं."

साहेब पुढे जाऊन उभे राहिले आणि आपल्या थांब्याच्या एक थांबा अलीकडेच उतरून गेले. त्यानंतर त्यांनी बसमध्ये शिस्तीचं भाषण केल्याचं मी ऐकलं नाही. सुधारले असतील, किंवा फेरी बदलली असेल. मी खात्री देत नाही.

लेक बराच वेळ माझ्याकडे बघत होती. खाली, मग वर. "मी एवढाच भाग पुसायचे," ती स्वतःशीच म्हणाली. मग सुताराला म्हणाली, "दादा, त्या दिवशी उतरवा असं सगळ्यांत आधी मी म्हणाले होते."

"माझी तुमच्याकडे पाठ होती ताई, पण कान होते ना." तो म्हणाला. "माझा बाप असता तर मीही म्हणालो असतो. जरा विचारून म्हणालो असतो, एवढंच."

तिने मान खाली घातली. नाना म्हणाले, "आता रडू नकोस. नाक वाहिलं तर हे लोक तुलाही उतरवतील."

पस्तीस दिवस पुरे झाले. शेवटच्या दिवशी नाना उतरले आणि मग ते बसमध्ये आले नाहीत. उपचार लागू पडला की नाही, हे दांड्याला कोण सांगणार? माणसं माझ्या आयुष्यातून अशीच जातात, गोष्ट अर्धी टाकून.

आता माझा पिवळा रंग दोन ठिकाणी उडालाय आणि खालचा एक स्क्रू सैल आहे. वळणावर मी कुरकुरतो. डेपोत बोलणं चाललंय की या गाडीची दोन-तीन वर्षं उरलीत. त्याआधी एवढंच मागतो. अंगात ताप असेल आणि घरी राहणं जमत असेल तर राहा. नसेल जमत तर तोंड झाका, खिडकी उघडा, जरा लांब उभे राहा, आणि कुणी विचारलं तर खरं सांगा. त्या लेकीला सांगता आलं, तुम्हालाही येईल. तुम्ही साहेब असाल, तर हाताखालच्याला रजा द्या, म्हणजे तो माझ्याकडे येणार नाही. आणि कुणी खोकत असेल तर 'उतरा' म्हणण्याआधी 'काय होतंय?' असं विचारा. मी अजून सगळ्यांवर संशय घेतो, ती माझी खोड आहे, जायची नाही. पण आता मी आधी माझ्यावर घेतो.

परवाची गोष्ट. आठ-दहाच्या फेरीला पहिल्या थांब्यावरून ती लेक चढली. एकटी. मागे कुणी नाही, पिशवी नाही, फडकं नाही. माझं पोलाद आणखी गार झालं. तिने हात ठेवला. मी तो हात चाचपून पाहिला, पण हाताच्या उबेवरून ताप कळतो, बाकीचं कळत नाही.

चौथ्या थांब्यावर सुतार चढला. त्यानेही तिला एकटीला पाहिलं. उपरणं तोंडावर ओढलं, आणि कितीतरी वेळ विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

शेवटी म्हणाला, "ताई... नाना?"

"घरी आहेत. आजकाल भांडतात सगळ्यांशी. ताकद आलीय ना!" ती म्हणाली. "त्यांनीच पाठवलंय मला. आमचं पुढचं दार खाली घासतंय म्हणे, तुम्हालाच घेऊन ये म्हणाले. दुसरा सुतार चालणार नाही."

"दार घासतंय?"

"हो ना. रोज उघडते मी, मला तर काही जाणवलं नाही. पण त्यांचं ठाम म्हणणं आहे की घासतंय. आणि रंधा आणू नका म्हणालेत, भुसा उडतो. नुसते या."

सुतार दाराकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोकला गिळल्यामुळे असेल, असं शेजारच्यांना वाटलं असावं. मला तसं वाटलं नाही. आणि ते दार खरंच घासत होतं का, याबद्दलही मला दाट संशय आहे.